रात्री घरात, संध्याकाळी मांडवात: दहा हजारांतली इलेक्ट्रिक युकुलेली

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून साधी सोप्रानो, म्हणजे सर्वांत लहान मापाची युकुलेली (चार तारांचं, छोट्या गिटारसारखं वाद्य) आहे. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून मोकळं व्हायला रात्रीचे दहा वाजतात, आणि शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात. शिवाय शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या गाण्यांना साथ करायची आहे. बजेट सगळं मिळून १० हजार. इलेक्ट्रिक युकुलेली घेतली तर दोन्ही कामं होतील का, आणि घ्यायची तर कशी?

ताई, होतील. पण सगळे १० हजार वाद्यावर घालू नका. वाद्याला सहा हजारांच्या आसपास थांबा आणि उरलेले पैसे तारेपासून कानापर्यंतच्या वाटेसाठी ठेवा. चौदा वर्षं मी सांगली-मिरजेत गिटार आणि युकुलेली शिकवतोय, विद्यार्थ्यांची वाद्यं दुरुस्तही करतो. इलेक्ट्रिक युकुलेली घेऊन हिरमुसलेले जे लोक माझ्याकडे आले, त्यांच्यातल्या बहुतेकांचं वाद्य ठीक होतं, वाट बिघडलेली होती.

आधी एक घोळ दूर करू. 'इलेक्ट्रिक' म्हणून दुकानात तीन वेगळी वाद्यं दाखवतात. पहिलं म्हणजे नेहमीची पोकळ पेटीची युकुलेली, जिच्या आत पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, बसवलेला असतो. हिला इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणतात. दुसरं म्हणजे भरीव लाकडाची, पेटीच नसलेली, पण तारा नायलॉनच्याच. तिसरं म्हणजे पोलादी तारांची, चुंबकीय पिकअपची, दिसायला लहानशी इलेक्ट्रिक गिटारच. चुंबकीय पिकअपला लोखंडाचीच तार लागते. नायलॉनची तार त्याच्यासमोर कितीही हलली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून या तिसऱ्या वाद्याच्या तारा बदलून ती 'गोड' करता येत नाही, आणि उलट साध्या युकुलेलीवर पोलादी तारा चढवल्या तर त्या ओढीने घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, उखडते. तुम्हाला मुलांच्या गाण्यांना साथ करायची आहे. तिसऱ्या वाद्याचा विचार सोडून द्या.

राहिली पहिली आणि दुसरी. शांततेचाच प्रश्न असता तर मी डोळे मिटून भरीव लाकडाची सुचवली असती. तिच्या तारांचा आवाज त्या खोलीत ऐकू येतो, पण दार लावलं की पलीकडे जात नाही. शिवाय स्टेजवर ती फीडबॅकची शिट्टी मारत नाही, कारण स्पीकरच्या आवाजाने थरथरायला तिच्याकडे पेटीच नाही. पण जर्मनीच्या रिसाची किंवा कॅनडाच्या गोडिनची अशी वाद्यं तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर आहेत. आणि तुमच्या किमतीत बसणारी जी स्वस्त भरीव वाद्यं माझ्या हातात आली, त्यांच्यात सगळी काटछाट आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर केलेली होती. हेडफोन लावला की तारेआधी 'स्स्स्' असा खर ऐकू येतो. रात्रीच्या शांततेत, कानाला चिकटलेल्या हेडफोनमध्ये तो खर अर्ध्या तासात डोकं उठवतो. मग माणूस सराव टाळायला लागतो, आणि त्याला वाटतं की आपल्यात चिकाटी नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत पहिल्या प्रकाराला आहे: पोकळ पेटीची कॉन्सर्ट आकाराची (सोप्रानोहून एक माप मोठी) युकुलेली, घोडीच्या हाडाखाली पिएझोची पट्टी (हाच तिचा पिकअप) आणि बाजूला बॅटरीवर चालणारा प्रीअँप. हा प्रीअँप का हवाच, ते नीट सांगतो, कारण पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात.

आपल्याकडे काही विहिरींचे झरे बारीक असतात. पाणी गोड, पण झिरपतं हळू. तिथे दीड हॉर्सपॉवरची मोटर दिवसभर सुखाने चालते, साडेसातची टाकली की पाच मिनिटांत तळ दिसतो. पिएझो ही तशी विहीर आहे. तार हलली की तिच्यात वीज तयार होते, पण ती हळुवारपणे उचलावी लागते. पिएझोला समोरून साधारण १ मेगाओहम इतका अडसर लागतो, आणि साउंड सिस्टिमच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला तो असतो १० किलोओहमच्या घरात, म्हणजे शंभरपट कमी. हीच ती साडेसातची मोटर. आवाज पडतो, आणि त्यातही खालचे सूर आधी जातात. उरतो तो पत्र्यावर नखं वाजवल्यासारखा किरटा आवाज. प्रीअँप मध्ये बसून विहिरीतून हळू उपसतो आणि पुढे जोराने देतो. एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात मी स्वतः प्रीअँप नसलेली युकुलेली थेट मिक्सरला लावली होती. साउंडवाल्या दादांनी ट्रेबल कमी केला, बेस वाढवला, शेवटी सगळी बटणं टोकाला नेली, तरी आवाज भरला नाही. सोबत गाणारी मुलगी सूर शोधत राहिली. ती चूक माझी होती आणि त्रास तिला झाला, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतोय.

खरेदी करताना दुकानदार 'पिकअप आहे' म्हणाला की तेवढ्यावर जाऊ नका. बॅटरी कुठे बसते ते दाखवायला सांगा. बॅटरीची जागा नसेल तर प्रीअँप नाही. (चार्जिंगवर चालणारे येतात, तेही चालतात.)

आता या वाटेचं पहिलं टोक: जिथे तार घोडीवर टेकते ती जागा. इथे आपल्या भागाला जे माहीत आहे ते बाहेर कमी लोकांना माहीत असतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना तुम्ही पाहिलंत का? नसेल तर एखाद्या रविवारी जाऊन पाहा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या कागदामागे काय आहे ते कारागिराच्या बोटांत दिसतं. घोडीचा रुंद माथा तो कानसेने इतका बारीक उतरता करतो की तार तिथे टेकता टेकता निसटते, आणि त्या निसटत्या स्पर्शातून सूर फुलतो. केसाएवढा फरक झाला की तंबोरा एक तर मुका होतो, नाही तर झणझणतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या युकुलेलीत हेडफोनमध्ये दुसरी तार, म्हणजे सी ची शेजारची ई सुराची तार, फार मंद ऐकू यायची. बाकीच्या तीन खणखणीत. त्याने तारा दोनदा बदलल्या, काही फरक नाही. मी सगळ्या तारा सैल करून घोडीतलं हाड, म्हणजे सॅडल, बाहेर काढलं आणि काचेवर उभं ठेवलं. मागून मोबाइलचा उजेड धरला, तर मधोमध कागदाच्या जाडीएवढी फट. पिएझोची पट्टी या हाडाच्या खाली असते. हाड जिथे पट्टीला टेकत नाही, तिथली तार पिएझोपर्यंत पोचतच नाही. मी ते हाड घेऊन मिरजेला एका जुन्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, आमचं सगळं काम माथ्यावर, तुमचं सगळं पायथ्याशी. त्यांनी काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, हाड सरळ उभं धरलं आणि एकाच दिशेने दहा-बारा वेळा ओढलं. चारही तारा सारख्या झाल्या.

ही युकुलेली कुठली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरून जे लोक हवाईला गेले, त्यांच्यात फर्निचर करणारे काही सुतार होते. त्यांनी आपल्या गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून ही घडवली. तेव्हा ते म्हणाले, मग आमच्यासारखंच. मिरजेत सतार सुरू करणारे फरीदसाहेब मूळ शिकलगार घराण्यातले, हत्यारांना धार लावणारे. ज्याच्या हातात कानस बसली, तो कुठेही गेला तरी काहीतरी सुरात आणतोच, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

सांगायचं हे, की तुम्ही घेतलेल्या युकुलेलीत एखादी तार कमीजास्त वाजली तर लगेच वाद्य वाईट म्हणू नका. सॅडलचा पायथा तपासून घ्या. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. फक्त पायथा घासला की हाडाची उंची कमी होते, म्हणून बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या पडद्यावर) तार अडीच ते तीन मिलिमीटर उंच आहे ना, ते आधी मोजा. आधीच त्याहून खाली असेल तर हाड नवीनच करून घ्यावं लागतं.

आकाराचं थोडक्यात. सोप्रानो २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६. तिन्हींच्या तारा जी-सी-ई-ए अशाच सुरांत लावतात. टेनरची पेटी मोठी म्हणून ती बिनवायरीची जास्त बोलते, आणि रात्री तुम्हाला नेमकं ते नको आहे. स्पीकरमधून येणारा आवाज पिएझोचा असल्याने पेटी लहान-मोठी असल्याने तिथे फारसा फरक पडत नाही. म्हणजे इथे आकार निवडायचा तो हातासाठी. सोप्रानोवर तुमची बोटं अडखळत असतील, तर कॉन्सर्टवर सुटतील. याच कारणाने अखंड लाकडाच्या महागड्या पेटीचा मोह धरू नका. पिएझोतून येताना तो फरक बराचसा पुसला जातो, आणि एप्रिलातली आपली कोरडी हवा व जुलैतली दमट हवा सोसायला थरांचं, म्हणजे लॅमिनेटचंच लाकूड बरं. अखंड लाकडाच्या पेट्यांना उन्हाळ्यात चीर गेलेली मी पाहिली आहे.

गाण्याच्या पट्टीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. हार्मोनियमवर काळी चारमध्ये गाणाऱ्या मुली असतात आणि युकुलेलीवर त्या पट्टीतले कॉर्ड नवशिक्याला जड जातात. पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि जी मधलं गाणं वाजवा, झाली काळी चार. काळी पाचला तोच कापो ठेवून ए मधलं वाजवा. युकुलेलीचा कापो दोन-तीनशे रुपयांत येतो. गिटारचा वापरू नका, तो जड असतो आणि मान खाली ओढतो.

आता रात्रीची व्यवस्था. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. युकुलेलीचं जे जाड जॅक असतं, त्यात कन्व्हर्टर पिन लावून मोबाइलचा इअरफोन खुपसतात. एका कानात बारीकसं काहीतरी येतं आणि वाद्य परत केलं जातं. ते जॅक हेडफोनसाठी नसतंच, ते अँपला द्यायचं असतं. काही प्रीअँपवर वेगळी हेडफोनची बारीक पिन दिलेली असते, तिच्यावर तसं चिन्ह असतं. ती मिळाली तर उत्तम. नसेल तर जॅकमध्ये थेट बसणारा काडेपेटीहून जरा मोठा हेडफोन अँप मिळतो, साधारण दीड ते अडीच हजारांत. गिटारसाठी म्हणून विकतात, पण ज्याच्यावर 'क्लीन' आवाज आहे असाच घ्या. रॉक-मेटलवाला घेतलात तर युकुलेली फाटकी वाजेल.

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशिरा कानात पडतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण स्वतः वाजवताना बोट आधी आणि सूर नंतर असं होतं. लय धरताच येत नाही. नवशिक्यांना वाटतं आपली लय कच्ची आहे. लय कच्ची नसते, हेडफोन मागे पडलेला असतो.

आणि पेटीचा आवाज? तो दोन गोष्टींनी बराच खाली येतो. गोल भोकावर बसणारं रबरी झाकण लावा, किंवा जुन्या मऊ सुती ओढणीचा तुकडा भोकातून आत भरा, पण कोंबू नका, वरच्या फळीला हलकेच टेकेल इतकाच. तारा मोकळ्या राहतात, पिएझोला सगळं ऐकू येतं, फक्त पेटी दबून जाते. तारांखाली घोडीजवळ स्पंजची पट्टी सरकवली तर आवाज अजून पडतो, पण सूरही लगेच मरतो. ती फक्त बोटांच्या कवायतीला वापरा. पहिल्या रात्री सासूबाई जाग्या असताना दार लावून वाजवा आणि त्यांनाच विचारा. ऐकू येत असेल तर तुमच्या हाताचा जोर कमी करा.

या जोराबद्दल एक सांगायचंय. रोज रात्री दबकत वाजवणाऱ्याचा हात दबकतच राहतो. मग मांडवात ढोलकीसमोर तो एकदम जोर लावतो, आणि जोराच्या झटक्याने पिएझो टणटण, प्लॅस्टिकसारखा वाजतो. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी का होईना, पेटीतली ओढणी काढून पूर्ण हाताने वाजवा. हेडफोनशिवाय.

एक सावधगिरी: अलीकडे काही युकुलेली अशा येतात की ज्यांच्या पेटीतूनच घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, ऐकू येतो, स्पीकर लागत नाही. फार सुंदर लागतं ऐकायला. पण ती यंत्रणा पेटीलाच जास्त बोलकं करते. रात्रीसाठी ती नको.

दुकानात गेलात की स्वतःचा वायरचा हेडफोन घेऊन जा. सांगलीत पर्याय कमी वाटले तर कोल्हापूर जवळ आहे. वाद्य अँपला लावा, आवाज पूर्ण वर करा आणि काहीच वाजवू नका. फक्त ऐका. खर किती येतो ते तिथेच कळेल. मग चारही तारा एकाच जोराने छेडा. जॅकमध्ये केबलची पिन हलकीशी फिरवा, कर्रकर्र आवाज आला तर वाद्य खाली ठेवा. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. ऑनलाइन मागवलीत तर पार्सल उघडताना व्हिडिओ करा आणि या सगळ्या चाचण्या परतीची मुदत संपायच्या आत करा. लोक पंधरा दिवस पिशवीत ठेवतात आणि मग उघडतात.

जुनं वाद्य स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण आपल्या भागात एक जास्तीची तपासणी करावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेली, पुसून पॉलिश केलेली वाद्यं माझ्याकडे दुरुस्तीला आली आहेत. मोबाइलचा टॉर्च भोकातून आत मारा. आतल्या पट्ट्यांवर मातीची रेघ, स्क्रूवर गंज, बॅटरीच्या खणात हिरवट पावडर, यातलं एक जरी दिसलं तरी ते वाद्य नको. लाकूड कदाचित वाचलं असेल, पण प्रीअँप आज ना उद्या दगा देणारच.

स्टेजसाठी तुम्हाला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याची केबल माइकच्या वायरीला जोडून देणारी छोटी डबी, लागेल. तुमच्या वाद्यात प्रीअँप असल्याने साधा, बॅटरी न लागणारा डीआय पुरतो, हजार-दीड हजारांत येतो. तो कशाला? युकुलेलीची केबल पाच-सहा मीटरहून लांब झाली की ती मांडवातल्या वायरींची घरघर ओढायला लागते. डीआय तुमच्या पायाशी ठेवायचा, तिथपर्यंत तीन मीटरची केबल, आणि पुढे मिक्सरपर्यंत माइकची वायर. लाइटिंगच्या माळा आणि जनरेटर असला की घरघर ठरलेली. डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबून पाहा. बहुतेक वेळा घरघर तिथेच थांबते. साउंडवाल्या दादांना कार्यक्रमाआधी भेटा, चहा एकत्र घ्या आणि एवढंच सांगा: दादा, हे नायलॉनच्या तारांचं वाद्य आहे, बेस थोडा कमी ठेवा, मिड थोडे कमी, ट्रेबल मधोमध. बहुतेकांना की-बोर्ड आणि ढोलकीची सवय असते, पण सांगितलं की ते मनापासून करतात.

मुख्य स्पीकरच्या मागे उभं राहा, त्याच्या तोंडासमोर नको. शिट्टी आली तर भोकावरचं रबरी झाकण लावा, रात्री वापरता तेच. भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात शिट्टीचा धोका उघड्या मांडवापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथे ते झाकण सुरुवातीपासूनच लावलेलं बरं.

म्हणजे हिशोब साधारण असा बसतो: वाद्य सहा हजार, हेडफोन अँप दोन, डीआय सव्वा, केबल आणि कापो मिळून सहाशेच्या आत. दीडशे रुपये वाचतील, त्यांची ९ व्होल्टची चांगली अल्कलाइन बॅटरी घ्या. सोप्रानो विकू नका. वर्गात मुलांच्या हातात द्यायला ती लागेल.

आणि बॅटरीचं एक. या प्रीअँपना बहुधा वेगळं चालू-बंद बटण नसतं. जॅकमध्ये केबल घातली की ते चालू होतात आणि केबल काढेपर्यंत चालूच राहतात. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री तालीम झाली, केबल तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी पडदा उघडताना आवाज विरत जाऊ शकतो. वाजवून झालं की आवाज शून्यावर आणा, आधी वाद्याकडची केबल काढा, मग बाकीची आवराआवर करा.